मोटारसायकलला प्रेशर हॉर्न : गॅरेजवाल्याने नेमके काय विकावे?

दुचाकी दुरुस्ती हा कमी भांडवलात उभा राहणारा आणि अनेक घरांची चूल पेटती ठेवणारा व्यवसाय आहे. एक टपरी, पाने-पकडींचा डबा, टेस्ट लॅम्प आणि हाताखाली एखादा शिकाऊ मुलगा एवढ्या सामग्रीवर तालुक्याच्या गावापासून मुंबई-पुण्याच्या वस्त्यांपर्यंत असंख्य कारागीर प्रपंच चालवीत आहेत. त्यातही ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम रोजचे असते. इंजिन काही रोज उघडावे लागत नाही. परंतु हॉर्न, इंडिकेटर, बॅटरी यांच्या तक्रारी घेऊन गिऱ्हाईक दररोज दारात उभे राहते. या रोजच्या कामात एका मागणीने आता चांगलीच जागा व्यापली आहे. ती मागणी म्हणजे, "उस्ताद, गाडीला प्रेशर हॉर्न बसवून द्या."

या कामात पैसा आहे, यात शंका नाही. तथापि त्याबरोबर जबाबदारीही येते, आणि तिच्याकडे आपल्या व्यवसायबंधूंचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. म्हणूनच हा विषय येथे थोडा विस्ताराने घेतला आहे.

एकाच दिवशी दोन गिऱ्हाइके

पुणे-सोलापूर रस्त्यावरील एका तालुक्याच्या गावात आमच्या परिचयाचे एक उस्ताद आहेत. पस्तीस वर्षे त्यांनी याच कामात काढली. माल आणण्यासाठी ते पुण्याच्या नाना पेठेत जातात. आम्ही त्यांच्या गॅरेजवर बसलो होतो त्या दिवशी प्रेशर हॉर्नसाठी दोन गिऱ्हाइके आली.

पहिले होते दूध घालणारे एक गृहस्थ. शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही बाजूंना कॅन. ते म्हणाले, "उस्ताद, कारखाना चालू झालाय. पहाटे चारला मी डेअरीकडे निघतो तेव्हा सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला असतो. मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर टेप मोठ्याने चालू. माझी पीं-पीं त्याला जातच नाही. परवा मी पुढे काढायला गेलो आणि त्याने एकदम उजवीकडे घेतले. खडीवर उतरलो म्हणून वाचलो. ट्रकसारखा हॉर्न बसवा, काय पैसे होतील ते घ्या."

तासाभराने कॉलेजचा एक मुलगा आला. नवी कोरी गाडी, हप्ते अजून फिटायचे होते. तो म्हणाला, "चाचा, पाच सुरांचा पाहिजे. चौकात वाजला की सगळ्यांनी वळून बघितले पाहिजे."

दोघांनाही उस्तादांनी एकच प्रश्न विचारला, "कुणाला ऐकू गेले पाहिजे?"

दूधवाल्यांनी क्षणात उत्तर दिले, "ट्रॅक्टरवाल्याला." मुलगा मात्र हसला आणि गप्प बसला.

उस्तादांचा सारा धंदा या एका प्रश्नावर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल. दुधाच्या गाडीचे काम त्यांनी घेतले, मात्र प्रेशर हॉर्न बसवला नाही. मुलाला पाच सुरांच्या हॉर्नसाठी परत पाठवले, तरी आठवड्याने तोच मुलगा त्यांच्याकडे दुसरे काम घेऊन आला. हे कसे घडले ते पुढे येईलच. त्याआधी उस्तादांनी स्वतःच सांगितलेली एक जुनी गोष्ट.

उस्तादांची चूक

"मीसुद्धा लावलेत," ते म्हणाले. "सुरुवातीला खूप लावले. रिले काय असतो ते माहीत होते, पण गिऱ्हाईक पैसे कमी करायला लागले की रिले पहिला वगळायचा. मूळ हॉर्नच्या दोन वायरी काढायच्या, नव्या हॉर्नला जोडायच्या, झाले काम."

असाच एक हॉर्न त्यांनी एका फळविक्रेत्याच्या गाडीला बसवला. पंधरा दिवस ठीक गेले. एका रात्री अकराच्या सुमारास दवाखान्यासमोरच्या गल्लीत त्याने बटण दाबले आणि ते आतल्या आत चिकटून बसले. हॉर्न थांबेना. किल्ली काढावी हे त्या गोंधळात त्याला सुचलेच नाही. खिडक्या उघडल्या, माणसे धावून आली. शेवटी कोणीतरी वायर ओढून तोडली. समोरून सायकलवर येणारे एक वृद्ध गृहस्थ आवाजाने दचकून गटाराच्या कठड्यावर आदळले. त्यांचे मनगट मोडले.

"म्हातारा मला ओळखत नव्हता, मी त्याला ओळखत नव्हतो," उस्ताद म्हणाले. "पण हात मोडला तो माझ्या कामाने. दोनशे रुपयांचा रिले मी वाचवला होता."

एक गोष्ट प्रत्येक कारागिराने ध्यानात ठेवली पाहिजे. आवाज ऐकून सावध झालेला माणूस बाजूला होतो; आवाजाने घाबरलेला माणूस कुठेही वळतो. हॉर्नचा उपयोग सावध करण्यापुरता आहे. त्याच्यापुढे गेलेला आवाज अपघात टाळत नाही, कधी कधी घडवून आणतो.

खोक्यावरचा आकडा

बाजारात गेलात तर प्रत्येक खोक्यावर डेसिबलचा आकडा ठळक छापलेला दिसेल. गिऱ्हाईक त्या आकड्यावरच भाळते. म्हणून हा आकडा काय सांगतो ते दुकानदाराला नीट माहीत हवे.

इटलीच्या स्टेबेल कंपनीचा 'नॉटिलस कॉम्पॅक्ट' हा छोटा एअर हॉर्न जगभर मोटारसायकलस्वारांत प्रसिद्ध आहे. कंप्रेसर आणि कर्णे एकाच कवचात बसवलेले असल्याने तो दुचाकीवर मावतो. त्याचा आवाज १३९ डेसिबल असल्याचे कंपनी सांगते. हा आकडा मात्र हॉर्नच्या तोंडापासून १० सेंटिमीटरवरचा आहे. कान हॉर्नला लावून रस्त्यावर कोणी उभे राहत नाही.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. या ढोबळ हिशेबाने १० सेंटिमीटरवरचे १३९ डेसिबल २ मीटरवर ११३ च्या आसपास येतात आणि ७ मीटरवर १०२ च्या आसपास.

आता दुसरी बाजू पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक २८ हॉर्नसंबंधी आहे. ७ किलोवॅटपेक्षा अधिक शक्तीच्या मोटारसायकलीच्या हॉर्नला तो २ मीटरवर १०५ ते ११८ डेसिबलची मर्यादा घालतो. ७ किलोवॅटपर्यंतच्या लहान गाड्यांसाठी ही मर्यादा ९५ ते ११५ आहे. म्हणजे प्रमाणित असा साधा विजेचा चकती हॉर्नही २ मीटरवर ११० डेसिबल देऊ शकतो. खोक्यावर १३९ आणि ११० असे दोन आकडे शेजारी ठेवले तर जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. एकाच अंतरावर मोजले की तो फरक तीनचार डेसिबलवर येतो.

हा हिशेब गिऱ्हाइकाला कागदावर करून दाखवावा. त्याला पाच मिनिटे लागतात. गिऱ्हाइकाचा विश्वास बसला की तो आकड्यासाठी भांडत नाही.

वीज कोठून आणायची?

आवाजात थोडाच फरक असला तरी विजेत मोठा फरक आहे, आणि गाडीचे नुकसान येथेच होते.

लहान मोटारसायकलीचा मूळ हॉर्न दोन-तीन अँपिअरवर वाजतो. मोटारगाडीचे दोन चकती हॉर्न मिळून सात-आठ अँपिअर घेतात. कंप्रेसरचा एअर हॉर्न मात्र १५ ते २० अँपिअर ओढतो. १२ व्होल्टवर १८ अँपिअर म्हणजे २१६ वॅट झाले. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांना हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब असतो. अशा सहा बल्बांइतकी वीज हा एक हॉर्न बटण दाबताच मागतो.

हा भार मूळ वायरीतून नेला तर तीनपैकी एक गोष्ट घडते. पहिली, फ्यूज उडतो आणि त्याच फ्यूजवर चालणारे दिवेही जातात. रात्रीच्या वेळी महामार्गावर हे किती धोक्याचे आहे ते सांगायला नको. दुसरी, बटणाचे संपर्क जळून चिकटतात, जसे त्या फळविक्रेत्याच्या गाडीचे झाले. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालतो. मग फ्यूज उडत नाही, वायर तापते. आणि मोटारसायकलची वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते.

बॅटरीचाही विचार करावा लागतो. एक सेकंद हॉर्न वाजवल्याने बॅटरी उतरत नाही. परंतु लहान किंवा थकलेल्या बॅटरीवर एकदम १८ अँपिअरचा भार आला की व्होल्टेज कोसळते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निकष लागू झाले आणि लहान गाड्यांतही फ्युएल इंजेक्शन आले. अशा गाडीचा इंजेक्शन पंप आणि नियंत्रक याच बॅटरीवर चालतात. व्होल्टेज एकाएकी पडले तर इंजिन अडखळू शकते. विजेच्या स्कूटरला १२ व्होल्टची वीज मुख्य बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत मिळते आणि त्या कन्व्हर्टरची क्षमता मर्यादित असते. तेथे कंप्रेसरचा हॉर्न जोडण्याच्या भानगडीत पडूच नये. जुन्या ६ व्होल्टच्या गाड्यांचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

बसवण्याची रीत

हॉर्न चकतीचा असो की हवेचा, मूळ हॉर्नपेक्षा जास्त वीज घेणारा कोणताही हॉर्न बसवताना पुढील क्रम पाळावा. उस्ताद शिकाऊ मुलांना याच क्रमाने शिकवतात.

पहिले काम, मूळ हॉर्न तपासणे. पुष्कळदा हॉर्न खराब झालेलाच नसतो. टर्मिनल गंजलेले असते, अर्थिंग सैल असते किंवा बॅटरी दमलेली असते. चकती हॉर्नच्या मागे सुराचा स्क्रू असतो. तो पाव फेरा इकडे-तिकडे फिरवून पाहिला की घोगरा झालेला आवाज अनेकदा मोकळा होतो. तेवढ्यावर भागले तर तेवढ्याचेच पैसे घ्यावेत.

दुसरे, जागा. हॉर्न ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे आणि पुढचे शॉकअप पूर्ण दाबून पाहावे. कोठेही घासता कामा नये. सायलेन्सरच्या पाइपाजवळ बसवू नये आणि इंजिनाच्या पात्यांवर येणारा वारा अडवू नये. चकती हॉर्न त्याच्या पट्टीवरच बसवावा आणि त्याची कड कोठेही टेकू देऊ नये. पट्टी थरथरली तरच सूर मोकळा निघतो; टेकलेला हॉर्न फाटका वाजतो. एअर हॉर्नचा कंप्रेसर उभा ठेवावा आणि कर्ण्याची तोंडे पुढे व किंचित खाली झुकलेली ठेवावीत, म्हणजे पावसाचे पाणी आत साठत नाही. कंप्रेसर वेगळा असेल तर हवेची नळी शक्य तितकी आखूड आणि बिनमोडीची असावी.

तिसरे, रिले. चार पायांच्या साध्या रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. मूळ हॉर्नच्या दोन्ही वायरी ८५ आणि ८६ ला जोडाव्यात. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजमधून आलेली जाड वायर ३० ला आणि ८७ पासून निघालेली वायर हॉर्नला द्यावी. हॉर्नचे दुसरे टोक थेट बॅटरीच्या ऋण टोकावर न्यावे, चेसिसच्या रंगावर विसंबू नये. आता बटणावर फक्त रिले चालवण्यापुरती वीज येते. ती एक अँपिअरच्या चतुर्थांशाहूनही कमी असते, म्हणून बटण कधी जळत नाही.

चौथे, फ्यूज. तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. फ्यूज हॉर्नजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. चकती हॉर्नच्या जोडीला १५ अँपिअरचा फ्यूज आणि एअर हॉर्नला कंपनी सांगेल तो, साधारण २० अँपिअरचा. वायर २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी.

पाचवे, मूळ वायरी कापू नयेत. कप्लरला बसणाऱ्या पिना मिळतात, त्या वापराव्यात. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेल्या वायरीवरून कंपनी हात वर करू शकते, आणि मग गिऱ्हाईक आपल्याच दारात येते.

सहावे, आणि हे स्वतःसाठी. हॉर्न वाजवून पाहताना कर्ण्यात फडके कोंबावे, तोंड रिकाम्या बाजूला करावे आणि बटण एका सेकंदापेक्षा जास्त दाबू नये. कारखान्यांसाठीच्या नमुना नियमांत कामगाराला ९० डेसिबलमध्ये दिवसाचे आठ तास मुभा आहे, ११५ डेसिबलमध्ये फक्त पंधरा मिनिटे आणि त्यापुढे अजिबात नाही. हॉर्नच्या तोंडाशी वाकून वायर जोडणाऱ्या शिकाऊ मुलाच्या कानाला त्याहून कितीतरी जास्त आवाज लागतो. कानातील बोळे काही रुपयांना मिळतात. गेलेले ऐकू येणे कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ हॉर्नसंबंधी आहे. वाहनाला भारतीय मानक १८८४ प्रमाणे विजेचा हॉर्न असावा आणि तो वाहन येत असल्याची पुरेशी सूचना देणारा असावा, असे हा नियम सांगतो. त्याच नियमाने एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न लावण्यास मनाई केली आहे. अति कर्कश, तीक्ष्ण, मोठा किंवा भय उत्पन्न करणारा आवाज काढणारे साधनही लावता येत नाही. सवलत आहे ती रुग्णवाहिका, अग्निशामक दल, पोलीस अशा वाहनांना.

याचा अर्थ असा की पाच सुरांच्या हॉर्नला पळवाटच नाही. दोन सूर एकाच वेळी वाजवणाऱ्या चकती हॉर्नच्या जोडीला 'एकामागून एक सूर' हे वर्णन लागू होत नाही. एका सुराचा एअर हॉर्न मात्र 'अति मोठा व कर्कश' या शब्दांत सापडू शकतो, आणि रस्त्यावरचा हवालदार त्याला प्रेशर हॉर्नच म्हणणार.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) मध्ये आवाजाचे निकष मोडणाऱ्या वाहनासाठी शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ती वाढवून पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता अशी करण्यात आली. त्याच दुरुस्तीने कलम १८२-अ बदलण्यात आले. त्यात, नियमात न बसणारा बदल गाडीत करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली गेली.

येथवर गॅरेजवाल्याला वाटेल की हे सारे गाडीमालकाचे झाले, आपला काय संबंध? संबंध आहे. कायद्याच्या कलम २(८) मध्ये 'डीलर' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तिच्यात वाहनांची दुरुस्ती करणाराही येतो. आणि कलम १८२-अ ने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या डीलरला प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद सांगितली. दोन-पाचशे रुपयांच्या मजुरीसाठी एवढी जोखीम घ्यावी का, याचा विचार प्रत्येकाने करावा.

हॉर्न कायदेशीर असला तरी तो कोठे आणि केव्हा वाजवावा यालाही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणाबाबत दिलेल्या निकालात, निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत अपवादात्मक प्रसंग सोडून हॉर्न वाजवू नये असा आदेश दिला. पुढे २०१० मध्ये ध्वनिप्रदूषण नियमांतही तशी तरतूद करण्यात आली; त्यात शांतता क्षेत्रांचाही समावेश आहे. मुंबईत तर वाहतूक पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही चौकांत सिग्नलला आवाज मोजण्याचे यंत्र जोडून पाहिले होते. हॉर्नचा गलका ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. त्याची चित्रफीत २०२० च्या आरंभी प्रसिद्ध झाली आणि देशभर गाजली.

मग धंदा कशाचा करायचा?

आता त्या दोन गिऱ्हाइकांकडे वळू.

दूधवाल्यांच्या गाडीचा मूळ हॉर्न उस्तादांनी काढून पाहिला. टर्मिनल गंजलेले होते आणि बॅटरी तीन वर्षे जुनी होती. त्यांनी बॅटरी बदलली आणि प्रमाणित चकती हॉर्नची जोडी बसवली, एक जाड सुराचा आणि एक बारीक सुराचा. अशा जोडीचे सूर साधारण ४०० आणि ५०० हर्ट्झच्या आसपास असतात. दोन्ही मिळून भरदार आवाज निघतो आणि टेपच्या गोंगाटातून तो वेगळा ओळखू येतो. रिले, फ्यूज, जाड वायर सारे रीतसर केले. नंतर त्यांनी लाल आणि पांढऱ्या रिफ्लेक्टर पट्टीचा गुंडा काढला आणि दुधाच्या कॅनच्या चौकटीला मागून, पुढून व बाजूंनी पट्ट्या चिकटवल्या.

"हे कशाला?" दूधवाल्यांनी विचारले.

"ट्रॅक्टरवाल्याचा टेप चालू असला तर माझा हॉर्नसुद्धा कमी पडेल," उस्ताद म्हणाले. "पण समोरून-मागून येणाऱ्याच्या दिव्यात तुम्ही चमकाल. आणि दादा, एक ऐका. ताशी ६० ने तुम्ही निघालात तर एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाता. बटण दाबून समोरच्याने ऐकेपर्यंत, समजेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातोच. तेवढे अंतर हातात नसेल तर हॉर्न नको, ब्रेक दाबा. आणि गावातून जाताना पहाटे चारला हा वाजवू नका. लोक झोपलेले असतात."

बॅटरी, हॉर्नची जोडी, रिले, वायर, पट्टी आणि मजुरी असे बिल झाले. नुसता प्रेशर हॉर्न बसवून जेवढे मिळाले असते त्याहून ते अधिक होते, आणि दूधवाले समाधानाने देऊन गेले.

कॉलेजच्या मुलाला त्यांनी नियम ११९ समजावून सांगितला आणि वर म्हणाले, "बेटा, पाच सुरांचा मी लावणार नाही. दुसरीकडे लावलास तरी निदान वायर कापू देऊ नकोस." मुलगा नाराज होऊन गेला. आठवड्याने तो परत आला. दुसऱ्या कोणीतरी तो हॉर्न बसवून दिला होता, थेट मूळ वायरीवर. तिसऱ्याच दिवशी फ्यूज उडून गाडी रात्री रस्त्यात बंद पडली होती. उस्तादांनी तो हॉर्न काढला, जळलेले बटण बदलले आणि त्याच्यासमोर वायरिंग उघडून काय झाले ते दाखवले. "आता कुणाला ऐकू गेले पाहिजे?" त्यांनी पुन्हा विचारले. या वेळी मुलाने मूळ हॉर्नच परत बसवून घेतला.

व्यवसायाच्या दृष्टीने यात शिकण्यासारखे बरेच आहे. गिऱ्हाईक दुकानात येऊन 'मोठा आवाज' मागते, परंतु बहुतेक वेळा त्याची खरी गरज सुरक्षित पोचण्याची असते. आवाज विकणाऱ्याची गाठ त्याच्याशी एकदाच पडते. गरज ओळखणाऱ्याकडे ते बॅटरीला, दिव्याला, वायरिंगला पुन्हा पुन्हा येते, आणि येताना शेजाऱ्यालाही आणते.

म्हणून व्यवसायबंधूंना काही सूचना कराव्याशा वाटतात. दुकानात प्रमाणित कंपन्यांचेच हॉर्न ठेवावेत. रूट्स, मिंडा यांसारख्या उत्पादकांचा माल सर्वत्र मिळतो. खोक्यावर उत्पादकाचे नाव आणि मानकाचा उल्लेख पाहूनच तो घ्यावा. बिलावर हॉर्नचा प्रकार, अँपिअर आणि बसवलेला फ्यूज लिहावा. पुढे काही तक्रार आली तर हे बिलच आपला साक्षीदार असते. रिलेशिवाय जादा विजेचा हॉर्न बसवणार नाही, अशी पाटी दर्शनी भागात लावावी. पैसे कमी करा म्हणणाऱ्याला पाटीकडे बोट दाखवता येते. आणि शिकाऊ मुलाला नुसते 'ही वायर इथे जोड' असे न सांगता ती तिथे का जोडायची तेही सांगावे. उद्या टपरी त्याची असणार आहे.

निघताना आम्ही उस्तादांना विचारले, "गिऱ्हाईक परत पाठवताना जिवावर येत नाही का?"

ते हातातील पकड पुसत म्हणाले, "येते ना. पण आमच्या गल्लीतून रात्री गाड्या जातात तेव्हा कधी कधी हॉर्न वाजतो. घरातले म्हणतात, कुणाचा असेल हो हा? मला झोप लागते, कारण तो माझा नसतो."